पिल्लू सांभाळा, पैदास नको



सध्या मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. स्थानकात व्याख्यान संपल्यावर चपला घालता घालता, भिशीत, आणि फोनवर तर हमखास. "मुलांना ती छोटी केसाळ कोंबडीची पिल्लं हवी आहेत. आपल्या घरात चालतील का?" विचारणारीला बहुतेक वेळा 'हो' किंवा 'नाही' एवढंच हवं असतं. मला मात्र हा प्रश्न एका शब्दात संपणारा वाटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. आलेला जीव सांभाळा, आणि सांभाळायचा तर नीट सांभाळा. पण त्याची पैदास करू नका, आणि पैशासाठी तर मुळीच नाही. पाळणं आणि पैदास करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्या एकाच टोपलीत टाकतो, म्हणून कुणी सरसकट 'पाप' म्हणतं, तर कुणी सरसकट 'जीवदया'.

या कोंबड्या म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. जावा बेटावर बांतेन नावाचं जुनं बंदर आहे. युरोपातल्या खलाशांनी तिथून नेलेल्या ठेंगण्या कोंबड्यांना त्या बंदराचं नाव चिकटलं आणि 'बँटम' हा शब्द झाला. आज बँटम म्हणजे कुठलीही बुटकी, हलक्या वजनाची, बहुधा शोभेसाठी पाळलेली कोंबडी. सिल्कीची पिसं कापसासारखी, कातडी काळी आणि पायाला चारऐवजी पाच बोटं. पोलिशच्या डोक्यावर पिसांचा झुपका. जपानी चाबोचे पाय इतके आखूड की ती चालत नाही, सरकते असं वाटतं. सीब्राइटच्या प्रत्येक पिसाला काळी किनार असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या सर जॉन सीब्राइट यांनी ती निवडून निवडून तयार केली. दिसायला सगळ्या गोड. पिल्लू तर ओंजळीत मावतं. मूल हट्ट धरतं त्यात नवल नाही.

पहिली हरकत घरातल्या मोठ्यांची असते. "कोंबडी? जैनाच्या घरात?" ही हरकत मी समजू शकते, पण मला ती पटत नाही. कोंबडी म्हटलं की आपल्याला ताट आठवतं, आणि ताटाचा विटाळ आपण त्या जिवाला लावतो. तिला कापणारा हात दुसऱ्याचा असतो. तिचा त्यात काय दोष? ती पाच इंद्रियांची आहे, गाईसारखीच. गाय दारात आली की आपण पोळी काढून देतो आणि कोंबडी आली की हुसकावतो, याला शास्त्राचा आधार नाही. ती आपली सवय आहे.

आपल्याच कथांमध्ये बघा ना. यशोधराची कथा दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही परंपरांत सांगितली जाते. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिलं ते याच कथेवर. राजा यशोधर आईच्या आग्रहाखातर खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा करून बळी देतो. रक्ताचा थेंब सांडत नाही. तरी मारण्याचा भाव मनात होता, म्हणून दोघं मायलेक जन्मोजन्मी पशुपक्ष्यांच्या योनीत फिरतात. शेवटी ते कोंबडा-कोंबडी होतात, त्या जन्मात त्यांच्या कानावर मुनींचा उपदेश पडतो आणि पुढचा जन्म माणसाचा मिळतो. ज्या परंपरेत कोंबडा धर्म ऐकू शकतो, तिथे त्याला अंगणात पाय ठेवू द्यायचा नाही हे कुठून आलं? आणि याच कथेतली दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. भाव मोजला जातो. तो मुद्दा पुढे लागणार आहे.

पाळणं मुळातच निषिद्ध असतं तर उपासकदशांगातला आनंद श्रावक आदर्श ठरला नसता. त्याच्याकडे दहा-दहा हजार गाईंची चार गोकुळं होती. भगवान महावीरांनी त्याला ती सोडून दे असं सांगितलं नाही. त्याने परिग्रहाची मर्यादा बांधून घेतली, आणि भगवंतांनी त्याला प्रत्येक व्रताचे अतिचार समजावून सांगितले. पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बंधे, वहे, छविच्छेए, अइभारे, भत्तपाणविच्छेए. बांधणं, मारणं, अंग कापणं, जास्त भार घालणं आणि अन्नपाणी तोडणं. मला तर हे पाच शब्द पिल्लं पाळण्याचं अख्खं पुस्तक वाटतात. आमच्या मागच्या अंगणात दोन सिल्की आणि एक चाबो आहे. जागा सोडून गेलेल्या भाडेकरूंनी त्या मागे ठेवल्या. तेव्हापासून हे शब्द मी रोज वापरून बघते.

भत्तपाण आधी घेऊ, कारण पिल्लं जास्त करून तिथेच मरतात. नुसती ज्वारीची कणी टाकली की झालं, असं समजू नका. लहान पिल्लाच्या खाण्यात साधारण वीस टक्के प्रथिनं लागतात. कणीत त्याच्या निम्मीच असतात. जीवनसत्त्व ब-२ कमी पडलं तर पायाची बोटं आत वळतात. बाजारात पिल्लांसाठी तयार खाद्य मिळतं, पण पिशवीवरची यादी वाचा. काही खाद्यांत मासळीची पूड असते. सोयापेंड आणि मक्यावर केलेलं खाद्य विचारून घ्या, आपल्या भागात ते अवघड नाही. पाणी गाळलेलं द्या आणि उथळ ताटलीत द्या. ताटलीत स्वच्छ खडे टाका, म्हणजे चोच पोचेल पण पिल्लू बुडणार नाही. बँटमचं पिल्लू वाटीभर पाण्यातही मरतं.

बंधे म्हणजे फक्त दोरीने बांधणं नव्हे. चपलांच्या खोक्यात पाच पिल्लं ठेवून झाकण लावणं हेही बांधणंच. पिल्लाला पहिल्या आठवड्यात साधारण बत्तीस ते पस्तीस अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. पाच-सहा आठवड्यांत पिसं भरली की दिवा बंद. पण ही ऊब एका कोपऱ्यात हवी आणि दुसरा कोपरा थंड हवा, म्हणजे पिल्लू स्वतः ठरवेल. सगळी दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे. सगळी दूर जाऊन चोच उघडून धापत असतील तर उकडतं आहे. आपल्या जालन्याच्या एप्रिल-मे महिन्यात दुपारी दिवा लावायची गरजच नसते, तेव्हा सावली आणि वारा लागतो. डिसेंबरच्या रात्री मात्र दिवा विसरून चालत नाही. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका, पाय फाकतात आणि तसेच राहतात. पोतं किंवा भाताचं तूस बरं. ओलं झालं की त्याच दिवशी बदला, नाहीतर रक्ती हगवण लागते.

वहे आणि अइभारे हे मुलांना शिकवायचे अतिचार आहेत. मूल मारत नाही, पण दिवसभर हातातून हातात फिरवतं, शेजारच्या दहा मुलांना दाखवतं. एवढ्याशा जिवाला तो भारच आहे. दिवसातून दोनदा, पाच मिनिटं, जमिनीवर बसून, असा आमच्याकडचा नियम आहे. छविच्छेए म्हणजे चोच छाटणं, तुरा कापणं, नखं मुळापासून काढणं. शोभेच्या कोंबड्यांच्या स्पर्धा जिथे होतात तिथे हे हौसेने केलं गेलं आहे. आपल्या पंधरा कर्मादानांत 'निल्लंछणकम्मे' आहे, म्हणजे प्राण्याचं अंग छाटणं, डागणं. त्याला पळवाट नाही.

या कोंबड्यांच्या शोभेमुळेच त्यांना जास्त जपावं लागतं, हेही कुणी विकताना सांगत नाही. सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकणारे आकडे नसतात, त्यामुळे पाणी निथळत नाही. पहिल्या पावसात ती भिजली की गारठून जाते. पोलिशच्या झुपक्यामुळे तिला वरचं दिसत नाही आणि बाकीची पिल्लं तोच झुपका टोचतात. झुपक्याखाली कवटीचा फुगवटा असतो आणि त्यात हाडाच्या फटी असतात, तिथे बसलेली एक टोचही जिवावर बेतू शकते. चाबोचं पोट जमिनीला घासतं, म्हणून तिला कोरडी, झाडलेली जागा लागते. सिल्की आणि सीब्राइट मॅरेक्स या आजाराला लवकर बळी पडतात, असं पाळणारे सांगतात. त्यात एक पाय पुढे आणि एक मागे पसरतो, आणि मग फारसं काही करता येत नाही. त्याची लस अंड्यातून बाहेर आल्या दिवशीच द्यावी लागते. घरी उबवलेल्या किंवा बाजारातून आणलेल्या पिल्लाला ती मिळालेली असेलच असं नाही.

राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, तिची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब घालून देतात. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि पातळ केल्यावर काही तासांत संपवावी लागते. तीन पिल्लांसाठी ती परवडत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, गल्लीतल्या चार घरांनी एकाच दिवशी जा. आणि इथे आपल्यासारख्यांनी एक कडू गोष्ट माहीत करून घ्यायला हवी. ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर वाढवतात. म्हणजे आपल्या तीन कोंबड्या जगवायच्या तर दुसरीकडे कुणाचा तरी जीव गेलेला असतो. कोंबडी स्वतः किडे-मुंग्या टिपते, तेही आपण थांबवू शकत नाही. पूर्ण अहिंसक कोंबडीपालन असं काही नसतं. आलेल्या जिवाला वाऱ्यावर सोडण्यापेक्षा हे बरं, एवढंच म्हणता येतं. पण मग ज्याची गरज नाही असा नवा जीव मुद्दाम आणून तीच साखळी का वाढवायची, हा प्रश्न उरतोच.

इथून माझा खरा मुद्दा सुरू होतो. माझ्या पुतण्याला या पिल्लांचा व्यवसाय करायचा आहे. अंडी उबवायचं यंत्र आणायचं, आमच्या तिघींसाठी एक-दोन कोंबडे आणायचे, पिल्लं जोडीने विकायची. मुलगा हुशार आहे, आणि त्याचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. "काकू, आपण मारत थोडेच आहोत? उलट जीव जन्माला घालतोय. ही कोंबडी कुणी खात नाही, लाडाने पाळतात. याच्यापेक्षा अहिंसक धंदा दाखव." आमच्या घरात या विषयावर गेले कित्येक दिवस जेवणाच्या ताटावर वाद चालू आहे. तो चिडतो, माझे दीर गप्प बसतात, जाऊबाई विषय बदलतात. मी त्याला जे सांगते तेच इथे लिहिते.

पहिलं, कोंबड्यांचं काय? एकवीस दिवसांनी यंत्रातून पिल्लं बाहेर येतात. बँटमची कधी एखादा दिवस आधी. त्यात साधारण निम्मे नर असतात. सिल्कीत तर नर की मादी हे कळायलाच चार-पाच महिने लागतात. पाच-सात माद्यांना एक नर पुरतो, त्याहून जास्त ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि माद्यांची पाठ सोलतात. मग उरलेले कुठे जातात? ज्याने 'जोडी' नेली त्याच्या घरी तो कोंबडा पहाटे चारला आरवायला लागतो, शेजारी भांडायला येतात आणि आठवड्याभरात तो चिकनच्या दुकानात पोचतो. कुणी त्याला झुंजीसाठी नेतो. प्राण्यांना झुंजवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण आपण विकलेला कोंबडा कुणी कुठे नेला ते आपल्याला कोण सांगणार? 'ही कोंबडी कुणी खात नाही' हे निम्म्या पिल्लांच्या बाबतीत खरं नाही.

दुसरं, चाबोचे आखूड पाय. ही गोष्ट समजल्यावर मी त्या कोंबडीकडे पूर्वीसारखी बघू शकले नाही. आखूड पाय एका जनुकामुळे येतात. ते आई-बापांपैकी एकाकडून आलं तर पाय आखूड होतात. दोघांकडून आलं तर पिल्लू अंड्यातच मरतं. म्हणजे दोन आखूड पायांच्या कोंबड्यांची जोडी लावली की हिशोब ठरलेला असतो: सरासरी चारातलं एक कवचात मरणार, दोन आखूड पायांची होणार आणि एक लांब पायांचं होणार. ते लांब पायाचं 'दर्जाचं नाही' म्हणून कुणी घेत नाही. हे अपघाताने होत नाही. जोडी लावतानाच ते माहीत असतं. लांब पायांच्या कोंबडीशी आखूड पायांचा कोंबडा लावला तर अंड्यातलं मरण टळतं, पण निम्मी पिल्लं 'नको असलेली' निघतात. कुरळ्या पिसांच्या फ्रिझलचंही तसंच. दोन कुरळ्यांची जोडी लावली तर काही पिल्लांची पिसं इतकी ठिसूळ होतात की ती जवळजवळ उघडी पडतात.

जालन्याच्या माणसाला हे समजावायला वेळ लागू नये. आपण बियाण्यांच्या गावातले. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. शुद्ध जात राखणं म्हणजे काय ते इथल्या शेतमजूर बाईलाही माहीत आहे. बीजोत्पादनाच्या शेतात भेसळीचं झाड दिसलं की उपटून बांधावर टाकायचं. तसं न करणाऱ्याचं बियाणं नापास होतं. शोभेची जातही अशीच राखतात. किनार बिघडली, बोट चारच आलं, पाय लांब झाला, रंग फिका निघाला, की ते पिल्लू भेसळ. फरक एवढाच की कापसाचं रोप एकेंद्रिय आहे आणि हे पिल्लू पंचेंद्रिय. एकेंद्रियाची हिंसा श्रावकाला संसारात पूर्ण टाळता येत नाही. पंचेंद्रियाची टाळता येते, म्हणून आपलं पहिलं अणुव्रत तिथूनच सुरू होतं. बांधावर टाकलेलं रोप वाळतं. खुराड्याच्या दाराशी टाकलेलं पिल्लू ओरडतं.

तिसरं, खुद्द विक्री. पंधरा कर्मादानं आपण पाठ म्हणतो, पण अर्थाकडे लक्ष देतोच असं नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्यांचा अर्थ उलगडून सांगितला आहे. 'केसवाणिज्जे' हा शब्द ऐकून आपण केसांचा व्यापार समजतो. त्यांनी त्यात दोन पायांच्या आणि चार पायांच्या जिवांची विक्री धरली आहे. शेवटचं कर्मादान 'असईजणपोसणया'. तिथे पैशासाठी पोसू नये अशा जिवांची यादी देताना मैना, पोपट, मांजर, कुत्रा आणि मोर यांच्याबरोबर त्यांनी कोंबड्याचं नाव घेतलं आहे. आठशेहून जास्त वर्षांपूर्वी! आणि त्यांचा शब्द नीट बघा: पैशासाठी. दया म्हणून पोसणं त्यात येत नाही. यशोधराच्या कथेत मोजला गेला तोच भाव इथेही मोजला आहे. अंगणात भटकत आलेल्या कोंबडीला दाणे टाकणारी बाई आणि तिच्या अंड्यांवर हिशोबाची वही उघडणारी बाई, दोघींच्या हातात तेच दाणे असतात.

पुतण्या म्हणतो, "मग आपल्या समाजातले किती लोक काय काय धंदे करतात, त्यांना विचार." खरं आहे. कर्मादानांच्या यादीवर बोट ठेवून बघायला लागलं तर आपल्या गावातली बरीच दुकानं, कारखाने त्यात सापडतील. पण दुसऱ्याने मोडलेलं व्रत आपल्या मोडण्याचं कारण होत नाही. शिवाय चालू धंदा सोडणं फार कठीण असतं, घर त्यावर उभं असतं. न सुरू केलेला धंदा न सुरू करणं त्या मानाने सोपं आहे. त्याने अजून यंत्र आणलेलं नाही, म्हणूनच मी आत्ता बोलते आहे.

"जीव जन्माला घालतोय" हा त्याचा मुद्दा मात्र मला सगळ्यात अवघड वाटला होता, कारण त्यात मायेचा सूर आहे. त्याला माझं उत्तर असं. आपल्या धर्मात जन्म ही देणगी मानलेली नाही. जीव त्याच्या कर्माने कुठे ना कुठे जन्मणारच, त्याला आपल्या यंत्राची वाट बघायची नसते. आपण फक्त हे ठरवतो की आपल्या हाताने, आपल्या हौसेसाठी किंवा कमाईसाठी, ज्यांचा सांभाळ आपण करू शकणार नाही असे किती जीव आपण उभे करणार. जीवदया ही समोर आलेल्या जिवाची असते. मुंबईचा पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांनी मिळून उभा केला. त्या वेळी इंग्रज सरकार रस्त्यावरची कुत्री मारत होतं. शेटीयांनी चांगल्या जातीची कुत्री पैदा केली नाहीत, जी मरणार होती ती आत घेतली. आपल्या गावातल्या गुरुगणेश तपोधामाच्या गोशाळेकडे बघतानाही मला हेच आठवतं. दयेला म्हातारं, लंगडं, भाकड चालतं. शोभेच्या बाजाराला ते चालत नाही.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी बर्ड फ्लू निघाला. त्याआधी २००६ साली देशातला पहिला उद्रेक नवापूरला झाला होता. असं झालं की आजूबाजूच्या ठरावीक अंतरातले सगळे पक्षी मारावे लागतात. लाडाचे आणि धंद्याचे असा भेद तिथे नसतो. रोग पसरू नये म्हणून ते करावंच लागतं, मी त्याला दोष देत नाही. पण ज्याच्या खुराड्यात तीन कोंबड्या आहेत त्याचं दुःख आणि ज्याच्या यंत्रात दोनशे अंडी आहेत त्याचं पाप, यांत अंतर आहे.

मग ज्यांच्याकडे आधीच कोंबड्या आहेत त्यांनी काय करायचं? मी आमच्या घरी जे ठरवलं आहे ते सांगते, तुम्ही तुमच्या महाराज साहेबांना विचारून ठरवा. घरात कोंबडा आणि कोंबड्या एकत्र ठेवायच्या नाहीत. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, पण त्यात जीव धरत नाही, उबवणीचा प्रश्नच मिटतो. अंडी रोजच्या रोज उचलायची, नाहीतर कोंबडी त्यांच्यावर खुडूक बसते, आठवडेच्या आठवडे नीट खात नाही आणि वाळते. सिल्की तर खुडूक बसण्यात पटाईत. उचललेली अंडी कुणालाही द्यायची नाहीत, कामवालीने मागितली तरी नाही, कारण ती खाण्यासाठीच जाणार. आम्ही ती परसात खोल पुरतो. मातीतल्या जिवांचं काय, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे बिनचूक उत्तर नाही. जे सगळ्यात कमी हिंसेचं दिसतं ते करते. विकत पिल्लू आणायचं नाही, कारण आपण एक विकत घेतलं की त्याच्या जागी विकणारा दोन उबवतो. ज्याला नकोसं झालं आहे त्याचं फुकट आलं तर घ्यायचं, आणि घेतलं तर ते मरेपर्यंत आपलं. कोंबडी सात-आठ वर्षं सहज जगू शकते. मुलाचं कॉलेज सुरू होईल तरी ती अंगणात असेल, हे आणण्याआधी मोजायचं.

मुलांना 'नाही' म्हणताना आपल्याला वाईट वाटतं. पण मुलं या बाबतीत आपल्यापेक्षा सरळ असतात. आमच्या शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीला मी चाबोच्या पायाची गोष्ट सांगितली, अर्थात तिला समजेल अशी. तिने विचारलं, "मग ते चौथं पिल्लू बाहेरच येत नाही?" मी नाही म्हटलं. तिने पुन्हा जोडीचा हट्ट धरला नाही. आता ती संध्याकाळी दाणे टाकायला येते. सूर्य मावळला की तिन्ही कोंबड्या खाणं-पिणं थांबवून आपोआप खुराड्यात जातात. त्यांना चौविहाराचं पचक्खाण कुणी दिलेलं नाही, हे बघून तिला फार मजा वाटते.

पुतण्याशी वाद अजून संपलेला नाही. त्याला मी एवढंच म्हटलं आहे की यंत्र आणायच्या आधी एका कागदावर लिही: शंभर अंडी, त्यातली किती फुटतील, किती नर निघतील, किती लांब पायांची निघतील, आणि त्या प्रत्येकाला मरेपर्यंत कोण खाऊ घालील. नफ्याचा हिशोब त्याने मला तीन वेळा दाखवला आहे. हा दुसरा हिशोब पूर्ण झाला, प्रत्येक पिल्लापुढे एक नाव लिहिता आलं, तर मी स्वतः त्याच्या यंत्राला हळदकुंकू लावीन. तुमच्याही घरात कुणी असा विचार करत असेल, तर रागावू नका. त्याच्यासमोर कागद ठेवा.